माळेगावची जुनी वाट

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या लोहा तालुक्यात एकच विषय असतो, माळेगावची यात्रा. नांदेड–लातूर रस्त्यावरचे हे खंडोबाचे ठाणे. यात्रा देवाची, पण बाजार सगळ्यांचा. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी गायी-बैल, घोंगड्या, दोरखंड, घुंगरमाळा, काय नसते तिथे! भटक्या जमातींचे लोक वर्षभराचे आपसातले व्यवहार तिथे मिटवतात. आमच्या बिरादरीतलेही कितीतरी जण त्या दिवसांत तिथे पोट भरतात. कोणी घोड्यांचा व्यापारी, कोणी नालबंद, कोणी बांगड्यांचे दुकान लावणारा. शाळेतली हजेरी त्या आठवड्यात उतरते आणि आम्ही शिक्षक मंडळी रागावण्याचे नाटक करतो.

आमचे एक जुने दोस्त आहेत. पहिलीपासून एका बाकावर बसलेले. पुढे आम्ही बी.एड. करून उर्दू-मराठी शिकवायला लागलो आणि त्यांनी वडिलांचा धंदा उचलला, वरातीच्या घोड्यांचा. आम्ही त्यांना भाई म्हणतो आणि ते आम्हाला मास्टर. त्यांच्याकडे दोन घोड्या होत्या. एक नुकरा, म्हणजे पांढरीशुभ्र, आणि दुसरी वयाने थोडी मोठी, तांबूस-तपकिरी कुमेद. हल्ली नवरदेव उघड्या छताच्या गाडीत बसतात, पुढे डीजे वाजतो आणि घोडी मंडपाच्या दारापुरती लागते. त्यात भाईंच्या मोठ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. अल्हम्दुलिल्लाह, आनंदाची गोष्ट, पण फी भरायची होती. कुमेद घोडी माळेगावच्या बाजारात विकायचे ठरले.

अडचण होती ती घोडी तिथवर नेण्याची. दोन वर्षांपूर्वी भाईंचा एक उमदा घोडा याच मोठ्या रस्त्यावर गेला. मागून आलेल्या अवजड गाडीने कर्कश हॉर्न वाजवला, घोडा बिथरून खड्ड्यात उतरला आणि पाय मोडला. घोड्याचा पाय मोडला म्हणजे काय, हे घोडेवाल्याच्या घरात सांगावे लागत नाही. तेव्हापासून रस्त्याचे नाव काढले की भाभी गप्प होत. टेम्पोत चढवायला ही घोडी तयार होत नव्हती. दोनदा प्रयत्न केला, दोनदा तिने गुडघे सोलून घेतले.

अशात एके दिवशी भाई जुन्या कागदांची पत्र्याची पेटी घेऊन आमच्या घरी आले. मराठवाड्यात 2023 पासून निजामकाळच्या नोंदींचा शोध सुरू झाला, तशी उर्दू वाचता येणाऱ्यांची एकदम किंमत वाढली. ज्या लिपीला लोक घरातली अडगळ समजत होते, ती वाचून घ्यायला शेजारी-पाजारी येऊ लागले. भाईंना मात्र एवढेच पाहायचे होते की आजोबांनी शेत कोणाकडून घेतले.

कागद खरेदीखताचा होता, साल 1347 फसली. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे 1937–38 च्या सुमाराचा कागद. शिकस्त लिपीत, घाईघाईने लिहिलेला. अशा खतांत शेताच्या चारही हद्दी लिहिलेल्या असतात: मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब. पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, दक्षिणेला ओढा. उत्तरेपाशी आम्ही थांबलो. तिथे कोणा शेतकऱ्याचे नाव नव्हते. तिथे लिहिले होते, माळेगावच्या बाजाराचा रस्ता.

भाई म्हणाले, “रस्ता? तिथं तर तूर आहे.”

मग त्यांना आठवले की त्यांचे अब्बा लहानपणी बाजाराला घोड्यावरून जात आणि मोठा रस्ता लागत नसे. माळावरून जायचे, एका विहिरीवर जनावरांना पाणी दाखवायचे आणि दुपारपर्यंत पोहोचायचे. ती वाट भाईंनी स्वतः कधी पाहिली नव्हती, आम्हीही नाही. पण कागद समोर होता, घोड्या दोन होत्या आणि माणसेही दोन. यात्रेच्या आदल्या रविवारी फजरच्या नमाजनंतर आम्ही निघालो.

आम्ही काही सराईत स्वार नाही. लहानपणी भाईंच्या तबेल्यात जे शिकलो तेवढेच. आम्हाला नुकरा दिली, ती गरीब. भाई कुमेदवर बसले, शेवटचे म्हणून असेल. तिची चाल रेवाळ होती. वर बसलेल्याच्या हातातल्या पेल्यातले पाणी हिंदकळू नये, अशी ती चाल. बाजारात याच चालीला भाव मिळतो.

खोगीर कसताना एक गोष्ट नेहमीसारखी मनात आली, मास्तरकीची खोड म्हणा. लगाम, जीन, खोगीर, तोबरा, चाबूक हे शब्द फारसीतून आलेले. रिकीब, नाल, तबेला अरबीतून. शिलेदार आणि बारगीरही तिकडचेच. स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. मलिक अंबरच्या फौजेत मराठे आणि हबशी एकत्र लढले आणि 1626 मध्ये तो वारला, तोपर्यंत दख्खनचा घोडेस्वार मुघलांना पुरून उरला. घोड्यावर बसलेला मराठी माणूस अर्धी फारसी बोलतो आणि ते त्याला माहीतही नसते. भाषा अशाच वाटेने येतात. त्यांनाही जनावराची पाठ लागते.

भाईंच्या शेताच्या उत्तरेला आलो. कागदात रस्ता होता, समोर मात्र दोन शेतांमधला धुरा, जेमतेम एक माणूस जाईल एवढा. दोन्ही बाजूंनी तूर फुलावर. घोड्या एकीमागे एक चालवाव्या लागल्या. धुऱ्याच्या टोकाला भाईंच्याच शेताची काटेरी तार होती, रानडुकरांसाठी लावलेली. त्यांनी उतरून ती सोडली, आम्ही पलीकडे गेलो, त्यांनी परत बांधली. काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

पुढे जमीन उचलते आणि माळ सुरू होतो. हा बालाघाटाचा भाग. वर मुरूम, खाली काळा कातळ, मातीचा थर इतका पातळ की नांगर लावून उपयोग नाही. म्हणूनच माळ माळ राहिला. कुसळीचे गवत वाळून सोनेरी झाले होते. तरवड, बोरी, खुरटे पळस. टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत गेली आणि लांबवर हरणांचा कळप मान वर करून उभा राहिला. इथेच आम्हाला वाट सापडली. मुरमात दोन समांतर खोल रेघा, मधोमध गवत. चाकोरी! मुलांना ‘चाकोरीबद्ध’ शब्द आम्ही कितीदा शिकवला, पण खरीखुरी चाकोरी हल्ली कोण दाखवणार? कातळावरही बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी खाचा पाडल्या होत्या. घोड्या आपोआप त्या रेघांमध्ये चालू लागल्या. लगाम ओढावा लागला नाही.

माळावर धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढरे, दोन कुत्री आणि ओझे वाहणारी तीन बुटकी घोडी. ही घोडी पाहून भाई खाली उतरले. भीमा नदीच्या खोऱ्यातली भीमथडी जात ती हीच असावी. एके काळी मराठी फौजेची शान, आता धनगरांची बिऱ्हाडे वाहते. अलीकडे तिची स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंद झाली आहे. आम्ही वाट विचारली तेव्हा म्हातारे बाबा हसले. “तुमाला ही वाट आज घावली व्हय? आमी दरसाल याच वाटंनं जातो.” आम्ही जिला नवी म्हणत होतो ती त्यांच्यासाठी कधी जुनी झालीच नव्हती. “विहिरीवर पाणी हाय,” ते म्हणाले, “पण तिच्याफुडं तार हाय.”

विहीर सापडली. दगडी पायऱ्यांची, अर्धी ढासळलेली, पण तळाला पाणी होते. शेजारी एका अखंड दगडातून कोरलेली लांब डोणी, जनावरांना पाणी पाजायची. आसपास गाव नाही, घर नाही, शेतही नाही. मग ही डोणी कोणी आणि कोणासाठी कोरली? जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी, जो कोण असेल त्याच्यासाठी. आम्ही बादलीने पाणी काढून डोणी भरली. घोड्या प्यायल्या. आम्ही वुजू करून तिथेच जोहर अदा केली.

शाळेत मुले विचारतात, सर, अरबस्तानच्या वाळवंटात लोक रस्ता कसा ओळखायचे? आम्ही त्यांना जुबैदा खातून सांगतो. खलिफा हारून रशीद यांची ही बेगम. इराकमधील कूफाहून मक्केला जाणाऱ्या हजार किलोमीटरहून लांब वाटेवर तिने विहिरी, तलाव आणि मुक्कामाच्या जागा बांधवल्या. ती वाट आजही दरब जुबैदा याच नावाने ओळखली जाते आणि सौदी अरबस्तानात तिचे हौद अजून उभे आहेत. वाळूवर रस्ता टिकत नाही, वारा पुसून टाकतो. पाणी जिथे असते तिथून रस्ता जातो. आमचा माळ काही वाळवंट नाही. पण ज्या मराठवाड्यात 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे एका अनाम माणसाने कोरलेल्या दगडी डोणीची किंमत आम्हाला वेगळी सांगायला नको.

विहिरीच्या पुढे धनगरबाबांनी सांगितले तसेच झाले. चाकोरी सरळ एका शेतात शिरत होती आणि शेताला तार. आत हरभरा. शेतकरी बांधावरच होते, साठीचे, डोक्याला पटका.

“राम राम. कुठं निघालाव?”

“माळेगावला, काका. वाट इथूनच होती ना?”

“होती की. आमच्या वडिलांच्या टायमाला गाड्या जायच्या हितून.”

भाईंनी खिशातून खरेदीखताची झेरॉक्स काढली. आम्ही वाचून दाखवली. काकांनी सगळे शांतपणे ऐकले आणि भाईंकडे पाहून म्हणाले, “कागद खरा हाय, म्या न्हाई म्हणत न्हाई. पण वाट सुरू होते ती तुमच्या रानातून. तितं तूर हाय का न्हाई? आदी तुमी सोडा. मंग म्या तार काढतो.”

भाईंचा चेहरा उतरला. बोलायला जागाच नव्हती. काकांनी मात्र माणुसकी सोडली नाही. त्यांनी स्वतः तार खाली दाबून धरली, बांधाच्या कडेने घोड्या नेऊ दिल्या आणि जाताना हरभऱ्याचे डहाळे हातात दिले. पुढे आणखी दोन ठिकाणी वाट बुजलेली होती. तिथे कोणी भेटले नाही. शेवटचा टप्पा नाइलाजाने मोठ्या रस्त्याने काढावा लागला, दोघेही खाली उतरून, घोड्यांच्या डोळ्यांआड हात धरून. माळेगाव आले तेव्हा आमच्या पाठीतून घाम वाहत होता, डिसेंबर असून.

कुमेद तिसऱ्या दिवशी विकली गेली. बिदरकडच्या एका घोडेवाल्याने घेतली. त्याने तिचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, दोनदा पळवून पाहिली आणि रेवाळ चाल पाहून जास्त घासाघीस केली नाही. फीपुरते पैसे झाले. भाईंनी घोडीच्या कपाळावरून हात फिरवला आणि लगाम दुसऱ्याच्या हातात दिला. घोड्यांच्या कपाळाशी कयामतपर्यंत खैर बांधलेली आहे, अशा अर्थाची हदीस घोडेवाल्यांच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. त्या क्षणी ती कोणी बोलून दाखवली नाही.

परत येताना घोडी एक आणि माणसे दोन, म्हणून दोघेही पायी. विहिरीपाशी बसलो असता भाई म्हणाले, “मास्टर, समजा मी वाट सोडली, तर किती सोडायची?”

कायद्याचे उत्तर सोपे आहे. गावनकाशावर पायवाट, गाडीवाट आणि गावरस्ता वेगवेगळ्या तुटक रेषांनी दाखवतात. पायमार्गाला सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाला साडेसोळा ते एकवीस फूट रुंदी धरतात. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे. ही माहिती प्रत्येक शेतकरी घरात असावी. पण भाईंना तहसीलदाराचे उत्तर नको होते.

आम्ही त्यांना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली गोष्ट सांगितली. रस्त्याच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला तर सात हात जागा सोडावी, असा निर्णय पैगंबर (स.) यांनी दिला होता. वाळवंटातल्या लोकांनाही बांधाचे भांडण होते म्हणायचे! भाईंनी आपला हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पाहिला. सात हात म्हणजे साडेदहा फूट. बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, घोडी तर सहज जाते.

शेतावर आल्यावर त्यांनी पावलांनी लांबी मोजली. चारशे फूट भरली. साडेदहा गुणिले चारशे, म्हणजे चार हजार दोनशे चौरस फूट, जवळजवळ चार गुंठे. मोठ्या रस्त्याच्या जवळची जमीन, चार गुंठ्यांची किंमत आज किती होते ते वाचकांना ठाऊक आहे. ज्या माणसाने चार दिवसांपूर्वी फीसाठी घोडी विकली, त्याने चार गुंठे तूर सोडायची? घरी भाभींनी हेच विचारले आणि त्यांचे काही चुकले नव्हते. भाईंचे धाकटे बंधू तर म्हणाले, पहिल्यांदा सरकार मोजणी करू दे, मग बघू. त्या रात्री घरात बराच वाद झाला. शेवटी निकाल कागदाने दिला. आजोबांनी जी जमीन विकत घेतली होती तिच्या हद्दीत रस्ता नव्हताच, रस्ता हद्दीबाहेर होता. जे आपण कधी घेतलेच नाही ते सोडणे याला दान म्हणत नाहीत, असे भाई म्हणाले. भाभी उठून चहा ठेवायला गेल्या, म्हणजे त्यांचा होकार होता.

तूर निघाल्यावर उन्हाळ्यात भाईंनी तार सात हात मागे घेतली आणि धुऱ्याच्या कडेने मुरूम टाकला. पटक्यावाल्या काकांना निरोप गेला. ते येऊन पाहून गेले आणि पेरणीच्या आधी त्यांनी आपली तार काढली, शब्दाला जागले. त्याच्या पुढचे दोघे अजून तयार नाहीत. एकाचे म्हणणे, ट्रॅक्टर गेले की चिखल होतो. दुसरा पुण्याला असतो, गावी आला की भेटू. अर्ज करा असे बरेच जण सांगतात. भाई म्हणतात, आधी चहा, मग अर्ज. तेव्हा माळेगावची वाट अजून पूर्ण झालेली नाही. अर्धी झाली आहे आणि त्या अर्ध्या वाटेने आता गावातली शाळकरी मुले सायकलने शेतावर जातात.

स्पेनमध्ये मेंढरांच्या जुन्या वाटांना 1995 च्या कायद्याने संरक्षण आहे आणि त्यांतल्या सर्वांत रुंद वाटा पंचाहत्तर मीटरपर्यंत आहेत, असे आम्ही वाचले आहे. राजधानी माद्रिदच्या हमरस्त्यावरून दरवर्षी मेंढरांचा कळप नेतात, हक्क विसरला जाऊ नये म्हणून. आमच्या धनगरबाबांना हे सांगितले तर ते म्हणतील, त्यात काय, आम्ही दरसाल जातोच. वाट जपायचा खरा उपाय तोच आहे. जात राहायचे.

वाचक बंधू-भगिनींना एकच विनंती. तुमच्याही घरात आजोबांची पत्र्याची पेटी असेल, तीत उर्दूतले पिवळे कागद असतील. वाळवी लागण्याआधी ते बाहेर काढा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला ते वाचता येत नसतील तर शिकवा, नाहीतर जवळच्या शाळेतल्या उर्दूच्या शिक्षकाला गाठा, आम्ही लोक चहावर राजी असतो. त्यात आपला हक्क तर शोधाच. पण चार हद्दी वाचताना, दुसऱ्याचा जाण्याचा हक्क कुठे लिहिला आहे, तेही पाहा. भाईंच्या मुलीचे पहिले वर्ष पास झाले. सुट्टीत आल्यावर तिने तो कागद आमच्याकडून अक्षर लावून वाचून घेतला, शुमालपर्यंत.